साजाच्या झाडातला बडा देव आणि आपला फ्लेक्स



या सदरात आपण एरवी सणवार, पाककृती आणि जुन्या आठवणी लिहितो. या वेळी चित्रकलेवर लिहीत आहोत. आम्ही काही त्यातले जाणकार नव्हे. आमच्यातले कोणी भेलमधून निवृत्त झालेले, कोणी बँकेतून, कोणी शाळेतून. पण गेल्या गणेशोत्सवात जे घडले त्याचे उत्तर सभासदांना देणे बाकी आहे, आणि बाकी राहिलेली गोष्ट बँकेतल्या माणसाला झोपू देत नाही.

झाले असे. सजावट समितीने ‘आपले भोपाळ’ असा विषय घेतला होता. तलावाचे चित्र झाले, ताजुल मसाजिदचे झाले, भीमबेटकाचे झाले. आदिवासी चित्र पाहिजेच म्हणून कोणीतरी इंटरनेटवरून एक चित्र उतरवून घेतले आणि आठ बाय सहाचा फ्लेक्स छापून आणला. काळ्या जमिनीवर मोठे झाड, त्याच्या फांद्यांमधून निघालेली हरणाची शिंगे, आणि सगळीकडे बारीक ठिपके. रंग असे उठावदार की येणारा प्रत्येकजण त्यासमोर फोटो काढी. आत जागा उरली नव्हती, म्हणून तो प्रवेशाशी, चपलांच्या रॅकच्या मागे बांधला होता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आपल्या एका सभासदाच्या मुलीबरोबर तिच्या ओळखीच्या एक गोंड चित्रकार बाई दर्शनाला आल्या. त्यांनी फ्लेक्सकडे पाहिले, आपल्या चपला रॅकमध्ये न ठेवता पलीकडे रस्त्याच्या कडेला काढल्या आणि आत आल्या. आरतीला उभ्या राहिल्या, प्रसाद घेतला. निघताना हळूच म्हणाल्या की हे साजाचे झाड आहे, आमचा बडा देव यात राहतो. एवढेच. त्या रागावल्या असत्या तर आम्हाला सोपे गेले असते.

त्या रात्री फ्लेक्स उतरवला. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर विचारणा सुरू झाली : चांगला दिसत होता, का काढला? देव म्हणे, पण ते तर डेकोरेशन होते ना? त्या वेळी आमच्याकडे नीट उत्तर नव्हते. त्यानंतर आम्ही चार-पाच वेळा भारत भवनात आणि जनजातीय संग्रहालयात जाऊन आलो, थोडे वाचले, थोडे विचारले. त्यातून जे कळले ते इथे मांडतो.

आज ज्याला सगळे ‘गोंड पेंटिंग’ म्हणतात ते त्या रूपात फार जुने नाही. कागदावरचे, कॅनव्हासवरचे हे चित्र आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच भोपाळात जन्मले, आणि ते मुख्यतः एका माणसाने घडवले. त्याचे नाव जनगढ सिंह श्याम. म्हणूनच जाणकार या शैलीला ‘जनगढ कलम’ म्हणतात. जनगणनेच्या सुमारास जन्म झाला म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. गाव पाटनगढ, तेव्हाचा मंडला जिल्हा, आताचा दिंडोरी.

जनगढ हे परधान. (इकडे हिंदीत ‘प्रधान’ असेही लिहितात, पण पंतप्रधानांशी घोळ नको.) परधान हे गोंडांचे गायक. आपल्याकडे गोंधळी जसे बोलावणे आले की घरी येऊन देवीचा जागर घालतात, पोवाडे-कथा गातात, तसेच काहीसे. परधानाची गोंड घराणी ठरलेली असत. दर तीन वर्षांनी तो आपल्या यजमानाकडे जाई, बाना नावाचे तीन तारांचे वाद्य गजाने वाजवून त्या घराण्याची वंशावळ, गोंड राजांच्या कथा आणि बडा देवाची स्तुती गाई. बदल्यात धान्य, कपडे, गुरे मिळत. या लोकांवर १९४६ साली इंग्रजीत एक सबंध पुस्तक निघाले, आणि ते लिहिले कोणी, तर शामराव हिवाळे यांनी. व्हेरियर एल्विन यांचे नाव अनेकांना माहीत असते. १९३२ मध्ये त्यांच्या बरोबरीने मंडल्याच्या जंगलात येऊन राहिलेल्या हिवाळ्यांचे नाव मात्र आपल्या मराठी मंडळींनाही ठाऊक नसते. पुढे हे दोघे पाटनगढातच राहत होते.

बडा देवाची कथा वेगवेगळ्या प्रकारे सांगितली जाते. आम्हाला ऐकायला मिळाली ती अशी. सात गोंड भाऊ होते. त्यांच्या हातून देवाचा अपमान झाला आणि देव रुसून साजाच्या झाडात जाऊन बसला. कोणाच्याच विनवणीने तो खाली येईना. मग एका भावाने लाकूड कोरून बाना केला आणि झाडाखाली बसून वाजवू लागला. ते ऐकून देव प्रसन्न झाला. तेव्हापासून त्या भावाच्या वंशाने शेती करायची नाही, बाना वाजवून देवाला जागे करायचे. ते परधान. साजा म्हणजे आपल्याकडचा ऐन. विदर्भातल्या सभासदांनी ही झाडे जंगलात पाहिली असतील, साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेऊ. हा देव ऐकण्याचा होता, पाहण्याचा नव्हे. त्याची मूर्ती नव्हती, तसबीर नव्हती. झाड होते, झाडाखालचा ओटा होता आणि गाणे होते. आपल्यालाही हे परके वाटायचे कारण नाही. गावाकडच्या शिवेवर शेंदूर फासलेला म्हसोबा आठवा, देवीचा तांदळा आठवा. त्याला नाक-डोळे नसतात आणि त्याने कोणाचे अडतही नाही.

हळूहळू परधानांना बोलावणी कमी झाली. ज्यांच्या जिवावर हे गायन चाले ते गोंडच गरीब होत गेले होते. जंगलावरचा हक्क गेला, पाहुण्याला गाय देण्याची ऐपत कुठून राहणार? जनगढ यांच्या वाट्याला आली ती मोलमजुरी. गाणे त्यांना येत होते, बासरी वाजवत, आणि घराच्या मातीच्या भिंतीवर चित्रे काढत. गावात भिंती सारवून त्यावर पांढऱ्या-पिवळ्या मातीने, गेरूने नक्षी काढायची रीत असते. त्याला डिगना म्हणतात. ते बहुतेक बायकांचे काम, आपल्या रांगोळीसारखे.

१९८१ मध्ये भोपाळात भारत भवनाची तयारी चालली होती. तिथल्या ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयाचे प्रमुख होते चित्रकार जगदीश स्वामीनाथन. त्यांनी कलाशिक्षण घेतलेल्या तरुणांची पथके मध्य प्रदेशातल्या खेड्यांत पाठवली. जे जे कोणी चित्रे काढते, माती घडवते, त्यांच्याकडून नमुने आणा, असे सांगून. पाटनगढात गेलेल्या पथकात विवेक टेंबे होते. त्यांना एका घराच्या भिंतीवर हनुमान दिसला. चौकशी केली तर काढणारा विशीतला मुलगा. त्याला कागद आणि रंग दिले. पुढच्या काही महिन्यांत तो भोपाळला आला. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते भारत भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हाच्या प्रदर्शनात त्याची चित्रे होती. आपल्यातले काही जण त्या वेळी भोपाळात होते. आम्ही गेलो होतो ते गर्दी पाहायला आणि तलावाकाठी भेळ खायला. भिंतीवर काय होते ते आज आठवत नाही, हे कबूल करतो.

भारत भवनात जनगढ यांना मुद्राचित्रण विभागात नोकरी मिळाली. हातात मातीच्या रंगाऐवजी पोस्टर कलर आले, शाई आली, छापयंत्र आले. आणि मग त्यांनी जे केले ते समजून घेण्यासारखे आहे. गाण्यातले देव ते कागदावर काढू लागले. बडा देव, गावाची राखण करणारा ठाकुर देव, आणि मरही देवी, जिच्या नावावरूनच आपल्या मरीआईची आठवण होते. अभ्यासक सांगतात की या देवांना याआधी कोणी असे रूप दिले नव्हते. पुढे बघायला जुना नमुना नव्हता, पोथी नव्हती, गुरू नव्हता. लहानपणापासून कानावर पडलेले गाणे तेवढे होते. ऐकलेले डोळ्यांना दिसावे म्हणून एका माणसाने स्वतःच्या मनाने त्याचा आकार शोधला.

हे किती मोठे काम आहे हे कळायला आपल्याच देवघरात पाहू. लक्ष्मी म्हटले की आपल्याला कमळावर उभी, लाल साडी नेसलेली, हातातून नाणी सोडणारी लक्ष्मी दिसते. ती आपल्या डोळ्यांत भरली राजा रविवर्म्यांमुळे. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत घाटकोपरला सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून घरोघरी तसबिरी गेल्या. रविवर्म्यांनी देवांना माणसांचे चेहरे दिले, विलायती तैलचित्राच्या पद्धतीने, छायाप्रकाशासह. जनगढ यांनीही देवांना रूप दिले, पण ते माणसाचे नाही. त्यांचा देव कधी झाडासारखा फुटतो, कधी पक्ष्यासारखा चोच उघडतो, त्याच्या अंगातून फांद्या निघतात आणि फांद्यांना बोटे येतात. शेंदराचा दगड जर डोळे उघडून बघू लागला तर तो आपल्या काकांसारखा दिसेल का? नाही दिसणार. जनगढ यांची चित्रे पाहताना आम्हाला हेच वाटले की हा देव पाहुणा म्हणून आलेला नाही, जंगलातच मुरलेला आहे.

भारत भवनात त्यांच्या चित्रासमोर उभे राहाल तेव्हा आधी मागची जागा पाहा. आकाश नाही, जमिनीची रेघ नाही, घर-डोंगर काही नाही. कोरा कागद, आणि त्यावर देव. सावलीही नाही. सावली पडायला सूर्य एका बाजूला असावा लागतो, वेळ असावी लागते. इथे वेळच नाही. मग ठिपके पाहा. लांबून सपाट रंग वाटतो, जवळ गेले की शेकडो ठिपके ओळीने, वळणे घेत अंगभर फिरताना दिसतात. कोणी म्हणते ते गोंदणावरून आले, कोणी म्हणते देवाच्या अंगात येण्यावरून. आम्हाला विचाराल तर ते बान्याच्या सुरासारखे वाटतात. एकच सूर थरथरत राहतो, थांबत नाही. हे आमचे मत आहे, कोणत्या पुस्तकातले नाही. आपल्या भजनात टाळ जसा अखंड वाजत राहतो आणि त्यावर अभंग चढत जातो, तसे काहीसे. सून म्हणते की बाबांना सगळीकडे भजनच दिसते.

आता सभासदांचा दुसरा प्रश्न. ही तर लोककला, मग हिला आधुनिक चित्रकला कसे म्हणायचे?

स्वामीनाथन यांचे सगळे भांडण याच शब्दाशी होते. ते स्वतः दिल्लीच्या आधुनिक चित्रकारांतले. त्यांनी रूपंकरमध्ये शहरी चित्रकारांची आणि आदिवासी चित्रकारांची कामे एकाच छपराखाली, सारख्याच मानाने ठेवली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की दोघेही आज जगत आहेत, आज काम करीत आहेत, मग एकाला आजचा आणि दुसऱ्याला जुन्या काळातला का म्हणायचे? १९८७ मध्ये त्यांनी यावर ‘द परसीव्हिंग फिंगर्स’ नावाचे पुस्तकही काढले. सगळ्यांना ते पटले नाही, आजही पटत नाही. आम्हाला मात्र पटते, आणि कारण साधे आहे. परंपरेने जसे चालत आले तसे काढले असते तर जनगढ यांना लोककलावंत म्हणता आले असते. पण बडा देव कसा दिसतो हे परंपरेने त्यांना सांगितलेच नव्हते. ते त्यांनी एकट्याने ठरवले आणि खाली सही केली. मध्य प्रदेश शासनाने १९८६ मध्ये त्यांना शिखर सन्मान दिला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने जगभरातल्या कलावंतांना एकत्र आणून ‘पृथ्वीचे जादूगार’ अशा अर्थाच्या नावाचे मोठे प्रदर्शन भरवले, त्यात ते होते. मधुबनीच्या बौआ देवीही होत्या.

पॅरिसवरून आठवले. खेड्यातली भक्ती हा युरोपातल्या आधुनिक चित्रकारांचाही आवडता विषय. पॉल गोगँ हा फ्रेंच चित्रकार, तोही आधी शेअरबाजारात दलाली करणारा, म्हणजे आमच्याच हिशेबी जातीतला. १८८८ मध्ये तो ब्रिटनी प्रांतात राहिला आणि प्रवचन ऐकून परतणाऱ्या पांढऱ्या टोप्यांच्या शेतकरी बायका त्याने रंगवल्या. प्रवचनातली देवदूताची कुस्ती त्यांना समोर दिसते आहे, आणि ती जमीन त्याने चक्क लालभडक केली. आज ते चित्र एडिनबरोच्या संग्रहालयात आहे आणि आधुनिक चित्रकलेच्या प्रत्येक इतिहासात असते. गोगँने ते तिथल्या निझोन गावच्या चर्चला देऊ केले होते. पाद्रीबुवांनी घेतले नाही. ज्यांची भक्ती रंगवली त्यांच्याच देवळात त्या चित्राला जागा मिळाली नाही. गोगँ शहरातून गेलेला माणूस, त्या बायकांच्या मागे उभा राहून पाहणारा. जनगढ यांचे उलटे आहे. भक्त तेच, गाणारे तेच, आणि चित्र काढणारेही तेच. त्यांचे देव संग्रहालयाच्या भिंतीवर पोचले, विधानभवनाच्या भिंतींवरही त्यांनी चित्रे रंगवली. आणि आमच्यासारख्यांनी ते चपलांच्या मागे लावले.

याच मंडला जिल्ह्याने आणखी एक मोठा चित्रकार दिला, सय्यद हैदर रझा. जन्म १९२२, बाबरिया गावचा, वडील वनखात्यात. शिक्षण नागपूरच्या चित्रशाळेत, मग मुंबईच्या जे. जे. मध्ये, आणि १९५० मध्ये पॅरिसला रवाना. लहानपणी चंचल मुलाचे मन जागेवर यावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत बसायला लावले होते. त्याचा पुढे ‘बिंदू’ झाला. २०१६ मध्ये ते गेले, दफन मंडल्याला वडिलांशेजारी झाले. त्यांना कोणी लोककलावंत म्हटले नाही. एकाच जंगलाची दोन माणसे. एक शाळेतल्या ठिपक्याकडून निघून पॅरिसमार्गे परत आला, दुसरा अंगणातल्या ठिपक्यांसह भोपाळला आला.

पुढचा भाग लिहायला जड जातो. पण टाळता येत नाही.

मधुबनीच्या बायका भिंतीवर काढत ती चित्रे कागदावर आली १९६०च्या दशकाच्या शेवटी, बिहारच्या दुष्काळात. हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकरांनी ज्यांना कागद घेऊन तिकडे पाठवले ते भास्कर कुलकर्णी, मुंबईचे मराठी चित्रकार. त्यांनीच नंतर डहाणूकडच्या वारली चित्रांकडे जगाचे लक्ष वेधले. वारली चौकातली पालघट देवी लग्नघरच्या भिंतीवर सवाशिणी काढतात. ती कागदावर आली त्यातही कुलकर्ण्यांचा हात होता. हे काम मोठेच, यात शंका नाही. दुष्काळात त्या बायकांच्या हाती पैसा आला. पण देव भिंतीवरून कागदावर आला की तो विकतही जातो आणि परदेशीही जातो. मिथिलेची ही चित्रे जपानपर्यंत पोचली, आणि तिथे नीगाता प्रांतातल्या तोकामाची इथे मिथिला म्युझियम नावाचे एक खासगी संग्रहालय उभे राहिले. ते भारतातल्या कलावंतांना बोलावून काही महिने ठेवून घेई आणि चित्रे काढून घेई.

जनगढ तिथे एकाहून अधिक वेळा गेले. त्यांच्या मुलीचे नाव जपानी, ते त्यामुळेच. २००१ च्या जुलैमध्ये त्याच संग्रहालयात त्यांनी आपले जीवन संपवले. वय चाळिशीच्या आसपास. परत यायची त्यांची ओढ घरी आलेल्या पत्रांत होती, असे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आले होते. देशातल्या चित्रकारांनी निषेध केला, चौकशीची मागणी केली. नक्की काय घडले यावर आम्ही इथे निकाल देणार नाही, तो आमचा अधिकार नाही. एवढे मात्र ध्यानात राहते की ज्याचे काम देवाला झाडावरून खाली बोलावण्याचे, तो घरापासून इतक्या लांब एकटा होता. नऊ वर्षांनी, २०१० मध्ये, त्यांचे ‘लँडस्केप विथ स्पायडर’ हे १९८८ चे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात ३१,२५० डॉलरला विकले गेले. आयुष्यभर हिशेब तपासलेल्या माणसाने हे दोन आकडे, वर्ष आणि रक्कम, एका ओळीत लिहिले की पुढे लिहिवत नाही.

काम मात्र थांबले नाही. जनगढ यांनी पाटनगढातून आपल्या नात्यातल्या कितीतरी मुलांना भोपाळला आणले होते, घरात ठेवून घेतले होते, ठिपके भरायला बसवले होते. पत्नी ननकुसिया, मुलगा मयंक, मुलगी जपानी, तिघेही चित्रकार. भाचे-पुतण्यांतले भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये. दुर्गाबाई आणि त्यांचे पती सुभाष यांचे एक पुस्तक आपल्या वाचनालयात घ्यावे असा प्रस्ताव आहे. २०११ साली निघालेले ‘भीमायन’. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र सबंध गोंड चित्रांत. त्यात प्रेमाने बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात लिहिले आहेत आणि जातीवरून टोचून बोलणाऱ्याचे शब्द विंचवाच्या नांगीच्या आकारात. चवदार तळ्याचे पाणी, आगगाडीचा साप, सगळे पाटनगढच्या नजरेतून. महाडची गोष्ट आपण शाळेत वाचली होती, पण पाणी हा विषय त्या चित्रांत जसा अंगावर येतो तसा धड्यात आला नव्हता.

आणि आपण? बाग सेवनियातून रोज ज्या स्टेशनाला आपण अजून सवयीने हबीबगंज म्हणतो त्याचे नाव २०२१ पासून राणी कमलापती आहे. ती गोंड राणी. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह हाही देवगडचा गोंड राजा. म्हणजे नागपूरहून निघून भोपाळात स्थिरावलेले आपले कुटुंब एका गोंड गावातून दुसऱ्या गोंड गावात आले, एवढेच. आपण इथे दोन-तीन पिढ्या राहिलो, गणपती बसवला, कोजागरी केली, मुलांना मराठी शिकवले. आपला देव परक्या गावात कसा जपायचा हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. ज्यांच्या गावात राहतो त्यांच्या देवाचे घर कुठल्या झाडात आहे हे चाळीस वर्षांत विचारले नव्हते.

यंदासाठी समितीने काही गोष्टी ठरवल्या आहेत. गोंड चित्र लावायचे असेल तर ते चित्रकाराकडूनच करून घ्यायचे, उतरवलेला फ्लेक्स नाही. मध्य प्रदेशच्या गोंड चित्राला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, त्यामुळे उगाच नक्कल छापणे तसेही योग्य नव्हे. खर्च वाढेल, हे खजिनदारांनी तीनदा सांगितले आहे. वर्गणी वाढणार नाही, रोषणाईत काटछाट होईल. चित्र घेताना चित्रकाराला त्यातली कथा विचारायची आणि ती चित्राशेजारी मराठी-हिंदीत लिहून लावायची. प्राणी-पक्ष्यांची चित्रे कुठेही शोभतील, पण देवाचे असेल तर जागा आधी विचारायची. आणि घरी ज्यांनी असे ठिपक्यांचे पायपुसणे आणले आहे त्यांनी त्यावर काय छापले आहे ते एकदा वाकून पाहावे.

येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी भारत भवन पाहायला जायचे ठरले आहे. सोमवारी ते बंद असते, म्हणून रविवार. इमारत चार्ल्स कोरिया यांची, टेकडीच्या उतारावर खाली खाली उतरत जाणारी. आत पायऱ्या बऱ्याच आहेत, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी नाव देताना तसे कळवावे. वेळ उरला तर शेजारीच श्यामला हिल्सवर २०१३ मध्ये सुरू झालेले जनजातीय संग्रहालय आहे, तेही पाहू. त्या चित्रकार बाईंना बरोबर येऊन चित्रे समजावून सांगण्याची विनंती केली होती. त्यांनी होकार दिला आहे, मानधनाचा ठराव कार्यकारिणीत झाला आहे. नावे मंगळवारपर्यंत द्यावीत. एका आजींनी विचारले आहे की तिथे चपला बाहेर काढाव्या लागतील का. नाही, संग्रहालयात चपला चालतात.